पिंपाच्या तोंडावर बसणारी आफ्रा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर जवळजवळ अंधार आहे. डोंगराच्या पोटात कोरलेलं तळघर. भिंतींना घाम फुटलेला. कुठेतरी थेंब पडतो आहे. वर टानरॉयटचा किल्ला आहे, पण तो दिसत नाही, त्याचं ओझं फक्त जाणवतं. एका बाजूला ओकच्या लाकडाची पिंपं ओळीनं आडवी ठेवलेली, एकेक एवढं की घोडा गाडीसकट आत उभा राहील. प्रत्येक पिंपाला तळाशी एक चौकोनी तोंड, पावाच्या भट्टीला असतं तेवढंच. त्यातल्या एका तोंडाशी तिपाई. तिपाईवर एक ठेंगणी, हडकुळी बाई, डोक्याला रुमाल, मांडीवर अर्धवट विणलेला मोजा.

पहिलं वाक्य मात्र बाई बोलत नाही. पिंप बोलतं. पिंप गातं.

"बाहेर बसली माझी राणी, तोंड तिचं आंबट फार,
तिच्याकडे नुसतं बघून नासली यंदाची बिअर!"

बाई मान वर न करता उत्तर देते.

"आत शिरला माझा राजा, घासतो पिंप एकच हात,
दुसऱ्या हातानं चाखतो माल, म्हणून होते रोजची रात!"

मी टानरॉयटला आलो त्या दिवशी पाहिलेला हा पहिला प्रवेश. दुसरं महायुद्ध संपलं होतं. आमचं गाव, आमचं थिएटर, माझे पोशाख, सगळं पूर्वेला राहिलं होतं, आणि मला, माझ्या भाचीला आणि इतर निर्वासितांना किल्ल्याच्या धान्याच्या कोठारात जागा मिळाली होती. मला बाटल्या धुवायचं काम मिळालं. नळ तळघरात होता, त्यामुळे आफ्रा हासलबेक, तिचं पिंप आणि पिंपातला तिचा नवरा क्विरिन माझ्यासमोर रोज होते. इतकं नियमित काम आमच्या नाटक कंपनीतही कुणी करत नसे.

गाणं मजेसाठी आहे असं मला वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. आफ्रानं माझ्याकडे पाहिलं.

"नाटकवाले," ती म्हणाली, "टाळ्या नका वाजवू. त्या आवाजात त्याचा आवाज मला ऐकू येत नाही."

मग तळघराचा मुकादम गांगोल्फ यानं मला समजावलं. बिअर काढून घेतली तरी तिचा वायू पिंपात मागे राहतो. दिसत नाही, वास येत नाही, पाण्यासारखा तळाशी साचून असतो. पिंप घासणारा माणूस आडवा होऊन तोंडातून आत सरपटतो, हातात मेणबत्ती पुढे धरून. मेणबत्ती विझली की माघारी फिरायचं. आणि बाहेर त्याच्या घरातली बाई बसते. तो एक कडवं म्हणतो, ती दुसरं. टोमणे, शिव्या, गावातल्या भानगडी, काहीही चालतं. उत्तर आलं नाही की आरडाओरडा करायचा आणि त्याच्या कमरेला बांधलेली दोरी ओढायची.

"आणि उत्तर येत राहिलं तर?"

"तर काय, आपापलं काम करायचं," गांगोल्फ म्हणाला. "आवाज आहे तोवर माणूस आहे. माझ्या आजोबांच्या वेळेपासून हेच चालत आलंय."

तिथलं सगळंच कुणाच्या तरी आजोबांच्या वेळेपासून चालत आलेलं होतं. तीनशे वर्षांपूर्वी स्वीडिश फौजांनी किल्ला जाळला तेव्हा बिअरची भट्टी तेवढी वाचली, आणि किल्ल्याच्या मालकांचे, टानरॉयटांचे पूर्वज दोन हिवाळे भट्टीच्या उबेला झोपले, असं सांगत. त्यानंतर छपराची कौलं, मुलींची लग्नं, चर्चचा मनोरा, सगळं त्या भट्टीतून निघालं. एका लढाईत तोफा ओतायला भट्टीच्या तांब्याच्या कढया काढून नेल्या, तेव्हा घराण्यातल्या म्हाताऱ्या बाईसाहेबांनी किल्ल्यातली धुण्याची तांब्याची भांडी वितळवून नवी कढई ओतून घेतली. टानरॉयट घराण्यात मुलगा झाला की पहिल्या आंघोळीच्या पाण्यात चमचाभर बिअर टाकत. पिंपात जाणाऱ्या हासलबेकांच्या घरात मुलगा झाला की सुईण त्याचे खांदे मापून बघे.

आफ्रा मूळची याच कामातल्या घरातली. तिचे वडील पिंपात जायचे, आई तोंडावर बसायची. आफ्रा लहान असताना एका दुपारी वडिलांचा ब्रश हातातून निसटला, तो उचलायला ते खाली वाकले, आणि कडवं अर्ध्यावर राहिलं. आईनं पुढची ओळ म्हटली. परत म्हटली. आफ्रा तेव्हा त्याच तळघरात दोरीशी खेळत होती.

हे मला तिनं सांगितलं नाही, गांगोल्फनं सांगितलं. आफ्रा त्यावर कधी बोलत नसे. पण मी आयुष्यभर लोकांचे हात पाहत आलोय. स्टेजवर चेहरा खोटं बोलतो, हात बोलत नाहीत. ती टोमणे मारत असे, गांगोल्फच्या पोटाची चेष्टा करत असे, आणि तिची बोटं त्याच वेळी मोज्याचे टाके घालून उसवत असत. सहा वर्षांत तो मोजा पुरा झालेला मी पाहिला नाही.

एकदा मी विचारलं, "आफ्राबाई, एवढी भीती वाटते तर क्विरिनला दुसरं काम का बघायला लावत नाही?"

"लावलं होतं. गवंड्याकडे गेला. पहिल्याच आठवड्यात शिडीवरून पडला." टाका उसवत ती म्हणाली, "निदान पिंपात पडायला जागा नाही."

पिंपातून आवाज आला, "काय बोलताय माझ्याबद्दल?"

"तुझ्या अंत्ययात्रेला कोणती टोपी घालू ते विचारत होते. घास तू."

मग किल्ल्याचे धाकले मालक युद्धकैदेतून सुटून आले. लेओनहार्ट त्यांचं नाव, वडील तोवर गेलेले. हाडं दिसत होती अंगाची, पण माणूस कामाचा होता. गांगोल्फच्या बरोबरीनं गोणी उचलायचे. दोन उन्हाळे ओळीनं बिअर आंबट झाली होती. लाकूड जुनं झालं होतं, फटींत घाण धरत होती, कितीही घासलं तरी जात नव्हती. खाणावळी एकेक करून शहरातल्या बिअरकडे वळत होत्या. मालकांनी उपाय शोधला. पिंपांना आतून रोगण लावायचं, काचेसारखं गुळगुळीत, म्हणजे लाकूड बिअरला लागणारच नाही. उन्हाळ्याची बिअर एप्रिलमधल्या सेंट जॉर्जच्या सणाआधी पिंपात भरावी लागते. ईस्टर तोंडावर आला होता. घाई होती.

रोगणाचे डबे आले. मालकांनी वरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात स्पिरिट होतं. जवळ आग आणायची नाही.

"म्हणजे मेणबत्ती नाही," मालक म्हणाले.

आफ्रा तिपाईवरून उठली. "मेणबत्ती नाही तर त्याला कळणार कसं?"

"आफ्राबाई, मेणबत्ती नेली तर पिंप उडेल. त्याच्यासकट. तोंडाशी खाणीत वापरतात तसा तारेच्या जाळीतला दिवा लावू. लोहाराचा भाता आणलाय, नळी तोंडातून आत सोडू, मी स्वतः भाता मारीन."

"भात्याचं वारं मागच्या टोकापर्यंत जाईल?"

मालकांनी भात्याच्या नळीची लांबी हातानं मापून पाहिली. मग म्हणाले, "जाईल असं वाटतं."

"वाटतं," आफ्रा म्हणाली.

"यंदाही बिअर नासली तर पुढच्या वर्षी भट्टी पेटणार नाही. मग मी काय, तुम्ही काय." त्यांचा आवाज बारीक झाला होता. माझ्या तेव्हा लक्षात आलं की तेही तेवढेच घाबरलेत. त्यांनी क्विरिनच्या हातातली मेणबत्ती घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली, काळजीपूर्वक, जणू एखाद्या आजारी माणसाच्या हातातून काही काढून घेत होते.

क्विरिन हसला. "आफ्रे, रंगारी झालो मी. आता तुला रविवारी फिरायला नेताना लाज वाटणार नाही."

बुधवारी पहिला हात मारला. तो नेहमीसारखा गात होता, आफ्रा उत्तर देत होती, मालक भाता मारत होते. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो उगाचच हसत होता. रात्री झोपेत बडबडला, असं आफ्रानं सकाळी सांगितलं. "काय बडबडला?" म्हटलं, तर म्हणाली, "गात होता. मी जागी बसून उत्तरं देत होते."

दुसरा दिवस गुरुवार, गुड फ्रायडेच्या आदला. हिरवा गुरुवार म्हणतात तिकडे, त्या दिवशी घरोघरी पालेभाजीचं सूप असतं. सकाळच्या मिसेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, चर्चच्या घंटा मुक्या होतात. घंटा रोमला गेल्या म्हणायचं. ईस्टरपर्यंत त्या वाजत नाहीत, आणि गावात कुणी गात नाही, पिंपातसुद्धा नाही. त्या दिवसांत पिंपात जपमाळ चालते. आतला माणूस 'नमो मरिये' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, बाहेरची बाई दुसरा. पहिल्या भागाच्या शेवटी येशूच्या नावापुढे दुःखाच्या रहस्यांतली, म्हणजे त्याच्या छळाच्या प्रसंगांतली, एकेक ओळ घालायची. त्यानं आमच्यासाठी रक्ताचा घाम गाळला. त्याला आमच्यासाठी फटके बसले. क्रमानं, आणि शेवटची ओळ क्रुसावरच्या मरणाची. त्या दिवसांत दुसरं काही म्हणायचं नसतं, पुनरुत्थानाच्या ओळी थेट ईस्टरला.

मी लूथरवाला, प्रोटेस्टंट, मला ती जपमाळ येत नव्हती. बाटल्या धुताना नुसती ऐकत होतो. पिंपातून खोल, घुमणारा आवाज, बाहेर आफ्राचा कोरडा आवाज, आणि भात्याचा सुस्कारा. रोगणाचा वास इतका गोड आणि तिखट होता की बाहेर बसूनही माझं डोकं जड झालं. गांगोल्फ दोनदा वर जाऊन हवा खाऊन आला. आफ्रा जागची हलली नाही.

क्विरिन मागच्या टोकाला पोहोचला असावा. आवाज लांबून येत होता. कमरेची दोरी अडते म्हणून त्यानं ती सोडून बाहेर फेकली होती. तिचं सुटं टोक तोंडाबाहेर पडलेलं होतं आणि आफ्राची नजर त्या टोकावर होती.

आणि मग पिंपातून अगदी स्वच्छ, प्रसन्न आवाजात ऐकू आलं, "...येशू, जो मेलेल्यांतून उठला..."

गांगोल्फ फिस्कन हसला. "घ्या. याचा ईस्टर आजच उजाडला." मालकही भाता मारता मारता हसले. मीही हसलो.

आफ्रानं पुढचा अर्धा भाग म्हटला नाही.

पिंप थांबलं नाही. त्यानं स्वतःच पुढचं म्हटलं, आणि परत, आणखी आनंदात, जवळजवळ चालीवर, "...जो मेलेल्यांतून उठला..."

"क्विरिन," आफ्रा म्हणाली.

"...जो मेलेल्यांतून उठला..."

"क्विरिन, गाढवा, आज गुरुवार आहे."

"बाई, बोलतोय की तो," गांगोल्फ म्हणाला. "चांगला खणखणीत बोलतोय."

आफ्रानं त्याच्याकडे तोंड वळवलं. तो चेहरा मी विसरलेलो नाही. भीतीचे अभिनय मी खूप केले, खूप पाहिले, पण खऱ्या भीतीत चेहऱ्यावर काहीच राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

"आवाज त्याचा आहे," ती म्हणाली. "तो नाही. त्याला मेल्यावर उठवून विचारलं तरी तो आज हे म्हणणार नाही. ओढा त्याला."

"ओढू कशानं? दोरी कुठाय त्याच्या कमरेला?"

पिंपातला आवाज पुटपुटण्यावर आला होता.

आफ्रानं लाकडी बूट काढले. वरचा घागरा सोडला, रुमाल काढून तोंडावर बांधला. दोरीचं टोक मुठीत घेतलं. गांगोल्फ आडवा आला.

"आफ्रे, बाईमाणूस पिंपात जात नाही. बिअर नासते."

"नासू दे."

"मी जातो," म्हणून मालकांनी भाता सोडला आणि तोंडात खांदे घातले. युद्धानं त्यांना कितीही वाळवलं असलं तरी टानरॉयटांचे खांदे ते टानरॉयटांचे खांदे. दोन्ही बाजूंना अडकले. माझे तर त्याहून रुंद.

"मालक, भाता सोडू नका," आफ्रा त्यांच्या दंडाला धरून मागे ओढत म्हणाली. लहान मुलाला विहिरीपासून ओढावं तशी. "मारत राहा. नाटकवाले, दोरी धरा. मी हिसका दिला की ओढा. आणि बोलत राहा. मला आतून तोंड कुठं आहे ते कळायला हवं. काहीही बोला, पण थांबू नका."

आणि ती आडवी होऊन आत गेली. तिला त्या तोंडाची किती भीती होती ते मला ठाऊक होतं. सहा वर्षांत तिनं त्यातून हातही आत घातलेला मी पाहिला नव्हता.

बोला, म्हणाली. लोक तिकीट काढून माझं बोलणं ऐकायला यायचे. राजांची, खुन्यांची, संतांची भाषणं मला पाठ होती. त्या क्षणी एक अक्षर आठवेना. मी तोंडाशी गुडघे टेकून बोलू लागलो की आज सूप बरं झालंय, मीठ कमी आहे, कोठारात आमच्याकडे एकच चमचा आहे, तो माझ्या भाचीला देतो, मी वाडगा तोंडाला लावतो, सूप हिरवं आहे, फार हिरवं आहे. मागे भाता सुस्कारत होता. गांगोल्फ क्रुसाची खूण करत होता.

आतून आफ्राचे शब्द ऐकू येत होते. "कुठं आहेस रे. हा पाय का? दे पाय. दे म्हणते ना. लग्नात पण असाच आडवा पडला होतास. तुझ्या आईनं सांगितलं होतं मला, हा उचलावा लागतो." मग खोकला. मग शिव्या, ज्या मी इथे लिहीत नाही, आणि ज्या त्या दिवशी त्या गावात उच्चारणं पापच होतं.

दोरीला हिसका बसला. मी आणि गांगोल्फ ओढू लागलो. आधी क्विरिनचे मोजे दिसले, मग गुडघे. खांद्याशी अडकला. मालकांनी एका हातानं भाता मारत दुसऱ्या हातानं त्याचा दंड अंगाशी दाबला आणि तो सुटून आमच्या अंगावर आला. तोंड निळं, डोळे अर्धे उघडे, ओठ अजून हलत होते. गांगोल्फनं त्याला खांद्यावर टाकलं आणि वर पायऱ्यांकडे पळाला.

आणि मग पिंपातून हसू ऐकू आलं.

आफ्रा हसत होती. तिला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. एखादी मुलगी झोपाळ्यावर हसते तसं. मी परत तोंडाशी वाकलो.

"आफ्राबाई, इकडे या. इकडे. मी बोलतोय इकडे या."

हसू. मग तेही नाही.

दोरी बाहेर होती. क्विरिनबरोबर बाहेर आली होती. मी भात्याची नळी हाताला लागेल तेवढी आत ढकलली, डोकं आणि एक हात आत घातला. समोर काळोख, आणि तो गोड वास. मी ओरडलो नाही. ओरडलो तर आवाज पिंपभर घुमेल, तोंड कुठं ते तिला कळणार नाही, एवढं शहाणपण थिएटरनं दिलं होतं. मी हळू, सरळ बोलत राहिलो. सूप, चमचा, माझी भाची, कोठाराचं गळकं छप्पर. तिचा मोजा. हा मोजा कुणाचा आहे आफ्राबाई, कुणाच्या पायाचा, एवढा लांब पाय आहे कुणाचा गावात. माझी जीभ जड व्हायला लागली. मागे मालक भाता मारता मारता रडत होते, आणि थांबत नव्हते.

माझ्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. बोटंच होती. मी ती धरली.

वर अंगणात दोघांना शेजारी शेजारी निजवलं. ऊन होतं. क्विरिन ओकला, मग परत ओकला, मग डोळे उघडून बायकोकडे बघत राहिला. आफ्राच्या केसांत रोगण वाळून दगड झालं होतं. मेंढ्यांची कात्री आणून केस कापावे लागले. 

"आफ्रे," क्विरिन म्हणाला, "पाद्रीबाबांना सांगू नकोस, मी काय म्हणत होतो ते."

"मी काय काय म्हणाले ते आधी सांगावं लागेल मला," ती म्हणाली.

त्या पिंपांत परत कुणी गेलं नाही. मालकांनी सगळ्यांची तोंडं खिळे ठोकून बंद केली. त्या उन्हाळ्यात लहान पिंपांत, आतून राळ फासायच्या जुन्या पद्धतीनं, निम्मीच बिअर केली. काही आंबली, काही टिकली. भट्टी विझली नाही, एवढंच. पुढे बऱ्याच वर्षांनी धातूच्या टाक्या आल्या. क्विरिनला घोडे सांभाळायला दिले. तो मोकळ्या हवेत राहू लागला आणि लठ्ठ झाला.

भीती मात्र पिंपात राहिली नाही. ती आफ्राबरोबर घरी गेली. किल्ल्याच्या वेशीवरच्या खोलीत ती दोघं राहत. तो जेवताना गप्प झाला की ती चमचा खाली ठेवायची. तो तबेल्यात गेला की तिथून त्यानं शीळ घालायची, ती खिडकीतून भांडं वाजवायची. त्याला याचा वैताग यायचा. "मेल्यावर तरी गप्प बसू दे," म्हणायचा. मग शीळ घालायचाच.

मी पुढे न्युरेंबर्गला एका लहान कंपनीत लागलो. दर शरद ऋतूत दौऱ्यावर निघालो की टानरॉयटला उतरायचो. एका वर्षी क्विरिन नव्हता. ती दूध आणायला गेली असताना खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. "मी नसताना," एवढंच ती म्हणाली, आणि मला चहा दिला.

शेवटचा गेलो तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. श्वास तोकडा झाला होता. मालक दुपारी येऊन बसत, तेही म्हातारे झाले होते. गावातली एक धर्मभगिनी तिची देखभाल करत होती. मी गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. वारं येत होतं म्हणून धर्मभगिनीनं माझ्यामागे दार ओढून घ्यायला हात घातला. आफ्रानं उशीवरून मान उचलली. तिचे हात पांघरुणावर टाके उसवत होते.

"दार राहू दे उघडं," ती म्हणाली. "आणि नाटकवाले, जिन्यावरून गप्प उतरू नका. खाली पोचेपर्यंत बोलत जा."